खसखशीच्या दाण्याहून लहान एका माशीसाठी, जैवविविधता मंडळाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सदस्य सचिव आणि मंडळात काम करणारे सगळे,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

सप्रेम नमस्कार,

मी नागपूरचीच. झूलॉजीत एमएस्सी केलं, आता एका कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर प्रॅक्टिकल घेते आणि शनिवार-रविवार काटोलकडे आमच्या वावरात जाते, तिथं बाबांची संत्र्याची बाग आहे. तुमचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे माझ्या कॉलेजपासून फार लांब नाही, सरळ येऊन अर्ज देता आला असता. पण जे मागतेय ते माझ्या एकटीसाठी नाही, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी लॅबच्या कपाटात याच गोष्टीचा उरलेला भाग पडलेला असू शकतो, म्हणून उघड लिहितेय.

गोष्ट एका माशीची आहे. माशी म्हणजे खरं तर गांधीलमाशीच्या लांबच्या गोतातली, पण गांधीलमाशी म्हटलं की लोकांना डंख आणि सुजलेला गाल आठवतो आणि ही तर ०.६ मिलीमीटरची आहे, खसखशीचा दाणा हिच्यापेक्षा मोठा असतो. डंख तर सोडाच, अंगावर बसली तरी कळणार नाही.

दोन पावसाळ्यांआधी मी बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पिवळ्या वाट्या ठेवायला सुरुवात केली. बर्डीवर डझनाच्या भावात मिळतात त्याच प्लास्टिकच्या वाट्या, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. पिवळ्या रंगाकडे बारीक किडे येतात, लिक्विडमुळे पाण्याचा ताण तुटतो आणि ते तरंगत न राहता बुडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी मलमलच्या फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावर जे राहील ते अल्कोहोलच्या बाटलीत. बाबा शेजारी उभे राहून म्हणाले, "काय पाहून रायली वं एवढं त्या वाटीत, चिलटंच तं हायेत." मीही तसंच समजले होते. कॉलेजात मायक्रोस्कोपखाली घेतलं तेव्हा त्या चिलटांमध्ये ही होती. वल्ह्यासारखा अरुंद पंख, आणि त्याच्या कडेनं केस, तेही पंखाच्या रुंदीहून लांब. एवढ्या लहान जिवाला हवा फार दाट लागते, आपण पाण्यातून हात ओढतो तशी, त्यामुळे ती उडण्यापेक्षा वल्हवत जाते म्हटलं तरी चालेल. मिशांच्या टोकाला गदेसारखी गाठ, म्हणजे मादी. कुळ मायमॅरिडी. या कुळातल्या माद्या दुसऱ्या किड्यांच्या अंड्यात आपलं अंडं घालतात, बहुतेक तुडतुड्यांच्या, आतलं पिल्लू ते अंडं आतून खाऊन तिथंच मोठं होतं आणि तुडतुड्याच्या जागी माशी बाहेर पडते. ऊ किंवा गोचीड रक्त पिते आणि जनावर जिवंत ठेवते, ही तसं ठेवत नाही, हिच्या यजमानाचा शेवट ठरलेलाच. म्हणूनच शेतकऱ्याच्या उपयोगाची.

आता ती नवीन आहे की नाही हे कसं ठरतं ते सांगते, कारण पेपरात "नव्या प्रजातीचा शोध" असं छापून येतं तेव्हा लोकांना वाटतं कोणाला तरी दिसली आणि नाव ठेवलं. दिसायला एक क्षण लागतो. पुढचं काम मला दीड वर्ष झालं, संपलेलं नाही.

पहिली स्लाइड मी मे महिन्यात केली. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, कारण पंख्याची हवा लागली की माशी कुठं गेली ते कोणीच सांगू शकत नाही. नाकावर रुमाल बांधलेला, श्वासानंसुद्धा ती सरकते. आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून तिचं अंग पारदर्शक करायचं, मग धुवायचं, मग कमी अल्कोहोलमधून जास्तीत असं टप्प्याटप्प्यानं न्यायचं, मग लवंगेच्या तेलात. सगळी खोली दाढदुखीच्या औषधासारखी वासाची होते. उचलायला सुई चालत नाही, सुईनं ती चिरडते. काडेपेटीच्या काडीला फेव्हिकॉलनं चिकटवलेला पापणीचा एक केस, त्यानं. त्या केसानं डोकं वेगळं करायचं, पंख वेगळे करायचे, धड कुशीवर झोपवायचं, प्रत्येकावर कॅनडा बाल्समचा, म्हणजे वाळल्यावरही पारदर्शक राहणाऱ्या डिंकाचा, थेंब आणि वरून काचेचा बारीक तुकडा. कपाळावरचा घाम स्लाइडवर पडू नये म्हणून मी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. एक पंख उलटा दुमडला तर पुन्हा सरळ करायला अख्खी दुपार गेली. आणि बाल्सम पूर्ण वाळायला कित्येक आठवडे, तोपर्यंत स्लाइड उभी धरायची नाही, हलवायची नाही.

मग मोजमाप. मिशीच्या प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी, कोणत्या तुकड्यावर किती संवेदी रेघा, पंखावरचे केस, अंडं घालायची नळी मागच्या पायाच्या नळीच्या किती पट. हे आकडे घेऊन त्या वंशाच्या आधी माहीत असलेल्या प्रत्येक जातीशी ताडून पाहायचं, जुन्या वर्णनांशी, आणि जिथं वर्णन चार ओळींचं आहे तिथं मूळ नमुना ज्या संग्रहात आहे तिथल्या माणसाला विनंती करून फोटो मागवायचे. आपल्या देशात हे काम फार मोठ्या माणसांनी केलंय. अलीगढला मोहम्मद हयात, कालिकतला टी. सी. नरेंद्रन, त्यांची वर्णनं उघडली की वाटतं समोर बसून कोणी शिकवतंय. अजून एक गोष्ट मला फार जवळची आहे. आपले कापूसवाले शेतकरी ट्रायकोकार्ड ओळखतात, पानाच्या मागे कार्ड लावायचं आणि त्यातून ट्रायकोग्रामा माश्या निघून बोंडअळीची अंडी संपवतात. या ट्रायकोग्रामांची नावं आपल्याकडे वर्षानुवर्षं चुकीची चालत होती, बंगळुरूत सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की नराचं जननांग स्लाइडवर नीट पाहिल्याशिवाय यातल्या जाती भरवशानं ओळखता येत नाहीत. आज जगभर तसंच करतात. अर्ध्या मिलीमीटरच्या माशीच्या शरीराचा तो केवढासा भाग, आणि त्यावर सगळं ठरतं.

म्हणजे माझं अडलंय कुठं ते लक्षात येईल. माझ्याकडे तीन माद्या आहेत, नर एकही नाही. तीन माद्यांवर वर्णन करता येतं, नियमात बसतं, एक होलोटाइप ठरवायचा म्हणजे तो एकच नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार, बाकी दोन पॅराटाइप, म्हणजे त्याच्या जोडीचे नमुने. पण नर नसला आणि ती कोणाच्या अंड्यात वाढते ते माहीत नसलं तर ते वर्णन अर्धवट राहतं, आणि उद्या कोणाला फक्त नर सापडला तर तो दुसरीच जात म्हणून नोंदवला जाईल.

आणि कदाचित नर होते. हे लिहिताना अजूनही पोटात कालवतं. एका कॉलेजात, नाव घेत नाही, पूर्वीच्या एका प्रोजेक्टच्या बाटल्या होत्या, याच पट्ट्यातल्या बागांमधून गोळा केलेल्या, चार-पाच वर्षांच्या, प्रत्येक बाटलीत पेन्सिलनं लिहिलेलं लेबल, गाव, तारीख, झाड. मी परवानगी मागून पाहायला गेले तेव्हा बाटल्या धुऊन उलट्या वाळत घातलेल्या होत्या. प्रोजेक्ट संपला होता, मोठे किडे पिनांवर लावून झाले होते, आणि तळाशी जे उरलं ते "कचरा" म्हणून बेसिनमध्ये ओतलं. लेबलंसुद्धा. ज्यांनी ओतलं त्यांना मी दोष देत नाही, त्यांना बाटल्या पाहिजे होत्या आणि तळाशी काय आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण पाच वर्षांच्या आपल्या बागा त्या नळातून गेल्या.

कोणी म्हणेल एवढ्याशा माशीचं नाव नाही ठेवलं तर काय बिघडतं. संत्र्याच्या माणसाला मी कोळशीचं उदाहरण देते. काळी माशी नावाची कीड पानांमागे रस पिते, चिकट गोड द्रव टाकते, त्यावर काळी बुरशी चढते आणि बाग काजळी फासल्यासारखी होते, ती कोळशी आमच्या घरानं दोनदा पाहिलीय, फळाला भाव मिळत नाही आणि झाड मागं जातं ते वेगळंच. हीच काळी माशी आशियातून मेक्सिकोत पोहोचली तेव्हा तिथल्या बागांचीही अशीच वाट लागली, मग १९४९-५० च्या सुमारास तिथं भारत आणि पाकिस्तानातून तिच्या शत्रू असलेल्या बारीक परोपजीवी माश्या नेऊन सोडल्या आणि काळी माशी आटोक्यात आली. जैविक नियंत्रणाच्या इतिहासात हे फार मोठं यश मानतात. त्यातली एक एन्कार्शिया वंशातली माशी, तिला पुढची कित्येक दशकं ओपुलेंटा म्हणत राहिले, आणि १९९८ मध्ये हुआंग आणि पोलाशेक यांनी दाखवलं की ही ओपुलेंटा नाहीच, वेगळी जात आहे, आणि नाव ठेवलं परप्लेक्सा, म्हणजे गोंधळात टाकणारी. लाखो झाडं वाचवून झाली आणि तिला स्वतःचं नाव मिळायला जवळपास पन्नास वर्षं लागली. या मधल्या काळात कोणी पुस्तकातलं ओपुलेंटाचं वर्णन वाचून माशी मागवली असती तर भलतीच आली असती.

दुसरं कपाशीचं. २००६-०७ च्या आसपास पिठ्या ढेकूण आला होता, आठवत असेल, कपाशीची बोंडं-शेंडे पांढऱ्या पिठानं भरून गेले, लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. आणि मग वावरात पिठ्या ढेकणांची तपकिरी, कडक झालेली खोळं दिसायला लागली, प्रत्येकाला एक गोल भोक. ते एका परोपजीवी माशीचं काम होतं. हयात यांनी २००९ मध्ये तिचं नवीन जात म्हणून वर्णन केलं, एनॅशिअस बंबावालेई. नंतर तपासल्यावर कळलं की हीच माशी गिरॉ या संशोधकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ॲरिझोनावरून नाव देऊन ठेवली होती, म्हणून आता ते जुनं नाव चालतं, एनॅशिअस ॲरिझोनेन्सिस. कोणाला यात चूक दिसेल, मला यातला प्रामाणिकपणा दिसतो. वर्णन नीट लिहिलेलं होतं, नमुने जपून ठेवलेले होते म्हणूनच दोन्ही जोडता आले. आणि जोडता आल्यामुळेच कळलं की ही माशी आणि तो ढेकूण दोघंही जगात कुठं कुठं एकत्र आहेत. नाव म्हणजे पत्ता असतो हो, पत्ता चुकला की मदत दुसऱ्याच्या घरी जाते.

फवारणीचं काय होतं ते विदर्भाला वेगळं सांगायची गरज नाही, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. मी असं म्हणत नाही की माझी माशी उद्या ते थांबवेल. तिचा यजमान कोण हेच मला अजून माहीत नाही. पण ज्या जिवाला नाव नाही त्याच्यावर औषधाचा काय परिणाम होतो हे कोणी तपासतच नाही, त्याला वाचवायची शिफारस कुठल्याही कृषी पुस्तिकेत येत नाही.

जगभरात या माश्यांच्या मोठ्या गोताच्या, कॅल्सिडॉइडियाच्या, २२,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात आणि न नोंदलेल्या याच्या कितीतरी पट असाव्यात असं जाणकार मानतात, त्यातही उष्ण प्रदेशात सर्वात जास्त. हवाई बेटांवरची किकिकी हूना २००० मध्ये नोंदली गेली, ०.१५८ मिलीमीटर, उडणाऱ्या किड्यांत सर्वात लहान. अमेरिकेतल्या इलिनॉयमधून १९९७ मध्ये नोंदलेल्या एका जातीचा नर ०.१३९ मिलीमीटरचा, आंधळा, बिनपंखाचा. मेगाफ्रॅग्मा नावाच्या माशीच्या सगळ्या मज्जासंस्थेत साधारण ७,४०० चेतापेशी आहेत आणि मोठी झाल्यावर त्यातल्या बहुतेक पेशींत केंद्रकच राहत नाही, तरी ती उडते, यजमान शोधते, अंडं घालते. मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मोबाईल खाली ठेवतात.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते कोस्टा रिकाचं. तिथं ग्वानाकास्ते नावाचं संरक्षित क्षेत्र आहे, डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या जोडप्यानं तिथल्या गावांमधल्या माणसांना शिकवून पॅराटॅक्सॉनॉमिस्ट तयार केले. डिग्री नसलेली, शेतीत आणि घरकामात वाढलेली माणसं. ती जंगलातून अळ्या आणतात, पिशवीत त्याच झाडाचा पाला घालून वाढवतात, अळीतून फुलपाखरू निघतं की माशी ते लिहून ठेवतात. वर्षानुवर्षं, रोज. त्यातून २०१४ मध्ये एकाच शोधनिबंधात ॲपँटेलिस या वंशाच्या १८६ नव्या जाती नोंदल्या गेल्या, कोणती माशी कोणत्या अळीत वाढते या माहितीसकट, आणि बऱ्याच माश्यांना तिथंच काम करणाऱ्यांची नावं दिली. आमच्या काटोल-नरखेडकडच्या पोरापोरींना हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. ज्या बाईला पानाच्या मागचा सायला किडा आणि काळी माशी लांबून ओळखू येतात तिला लेन्स दिली तर ती अजून काय काय ओळखेल.

आता मागणं. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवीन जात सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि तिथं नमुना जमा करायचा, ते मी करणारच आहे, माझा होलोटाइप नियमाप्रमाणे राष्ट्रीय संग्रहातच जाईल आणि जायलाच पाहिजे. पण त्याच्या आधीची जी पायरी आहे, बाटलीच्या तळाशी उरलेलं सांभाळायची, ती कोणाचीच नाही. मला वाटतं ती नागपुरात व्हावी आणि तुम्ही करावी, कारण गावागावातल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या तुमच्याशी जोडलेल्या आहेत, दुसऱ्या कोणाकडे एवढी माणसं नाहीत. एक खोली द्या, उन्हाळ्यातही थंड राहील अशी, त्यात कपाटं, एक चांगला मायक्रोस्कोप, अल्कोहोलचा परवाना आणि एक माणूस कायमचा, प्रोजेक्टपुरता नाही. विदर्भातल्या कॉलेजांना, कृषी केंद्रांना एक साधं पत्र काढा की प्रकाश सापळ्यात, पिवळ्या वाटीत, जाळीत जे काही उरतं ते ओतू नका, लेबलसकट आमच्याकडे द्या. लेबलसकट हे दोनदा लिहा, कारण लेबल नसलेली बाटली म्हणजे पत्ता फाटलेलं पाकीट.

आणि गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत कीटकांचं पान असतं त्यात फुलपाखरं, मधमाश्या, काजवे येतात, छान येतात, मी पाहिलीत. त्याच पानावर "बारीक कीटक, बाटली क्रमांक अमुक" एवढी एक ओळ वाढवा. गावाला नाव माहीत नसू दे. नाव दहा वर्षांनी कोणीतरी ठेवेल, पण बाटली आज भरली गेली पाहिजे, कारण धुऱ्यावरची झाडं जाताहेत. माझ्या तीन माद्यांपैकी दोन ज्या वाटीत मिळाल्या ती वाटी नाल्याकाठच्या उंबराखाली होती. शेजारच्यांनी रस्ता रुंद करायला गेल्या हिवाळ्यात तो उंबर तोडला, त्यांचाही नाइलाज होता, ट्रॅक्टर वळत नव्हता. त्या उंबरावरच्या तुडतुड्यांत ती वाढत होती की खालच्या गवतातल्या, हे आता त्या जागेवरून कधीच कळणार नाही.

पेंच, ताडोबा, वाघ यासाठी आपल्याकडे जे होतं त्याचा मला मनापासून अभिमान आहे आणि त्यातलं काही कमी करा असं मी म्हणत नाही. मी मागतेय ती एक खोली आहे.

वर्णन छापून आलं की त्यात एक ओळ असेल, टाइप लोकॅलिटी, म्हणजे होलोटाइप जिथं सापडला ती जागा: भारत, महाराष्ट्र, नागपूर जिल्हा, काटोल तालुका. प्राण्यांच्या नावांचे हिशेब १७५८ पासून चालू आहेत आणि पुढेही चालतील, त्यात आमच्या धुऱ्याचं नाव कायमचं राहील. बाबांना मी हे समजावून सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी उठून वाट्यांमध्ये पाणी भरून आले.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर मी पुन्हा वाट्या लावतेय, यावेळी चाळीस, आणि धुऱ्यावरच्या गवताची व संत्र्याची पानं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवणार आहे, त्यातून काय निघतं ते पाहायला. रविवारी सकाळी सहा वाजता गाळणं असतं. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर काटोल नाक्यावरून मी सोबत घेऊन जाईन, जास्तीची लेन्स माझ्याकडे आहे. आणि कोणाच्या कपाटात जुन्या बाटल्या असतील तर प्लीज त्या धुवायच्या आधी मला एकदा पाहू द्या, मी नर शोधतेय.

आपली नम्र,
काटोल पट्ट्यातल्या एका संत्रा बागाईतदाराची मुलगी
नागपूर